मिरजेच्या बाई (पी.पी.)

आत्या गेली त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सांगलीच्या घरात कुणाकुणाला कळवायचं राहिलंय याची उजळणी चालली होती. आतेभाऊ फोन हातात घेऊन बसलेला, वहिनी एकेक नाव सांगत होती. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "आणि मिरजेच्या बाई?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिरजेच्या बाई म्हणजे आत्याच्या शाळेतली सोबतीण. दोघींनी उभी नोकरी एका स्टाफरूममध्ये काढलेली. श्रावणात एखाद्या शुक्रवारी त्या यायच्या, येताना साबुदाण्याच्या पापड्यांचा डबा आणायच्या आणि जाताना त्याच डब्यातून आत्याची चटणी न्यायच्या. त्यांचा आवाज, त्यांची छत्री, चप्पल काढताना भिंतीला हात टेकायची सवय, सगळं आम्हाला आठवत होतं. नाव मात्र एकालाही सांगता येईना. आडनाव देशपांडे की देशमुख यावरही दोन मतं निघाली. आत्याचा मोबाइल बटणांचा, आणि त्यात घरच्या माणसांपलीकडे कुणीच नव्हतं. तिला बाकीचे नंबर पाठ होते.

संध्याकाळी पेन्शनचे कागद शोधायला माळ्यावरची ट्रंक खाली काढली तेव्हा तिच्या तळाशी टेलिफोन डिरेक्टरी निघाली. कपाटाला वाळवी लागू नये म्हणून तळाला घातलेली असावी. मुखपृष्ठ नव्हतं. पहिली काही पानं कसरीनं खाल्लेली, कागद वर्तमानपत्राहून थोडा बरा, आणि वास जुन्या तांदळाच्या डब्यात येतो तसा, कोंदट आणि थोडा गोडसर. आमच्या लहानपणी ही डिरेक्टरी आकड्यांसाठी जेवढी उघडली जायची त्याहून जास्त बाकीच्या कामांना यायची. टेबलफॅन उंच करायला, पाहुण्यांचं पोर खुर्चीवर बसून ताटापर्यंत पोचावं म्हणून खाली घालायला, पिंपळाचं पान जाळी होईपर्यंत दाबून ठेवायला. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आत्याचं अक्षर होतं. निळ्या शाईत, लाल रिफिलनं, काही ठिकाणी शिसपेन्सिलीनं. "गॅस (दुपारी लागतो)". "गिरण". "ब्लाउज, मंगळवार बंद". "डबेवाल्या काकू, सांगून ठेवणे". आणि कोपऱ्यात, तिरकं, "मिरजेच्या बाई (पी.पी.), रात्री ८ नंतर". पुढे पाच आकडे.

इथंही नाव नव्हतंच.

त्या पिढीला पी.पी. समजावून सांगावं लागत नाही. फोन शेजाऱ्यांचा, माणूस आपलं. कुणीतरी पोराला पिटाळायचं, तोपर्यंत रिसीव्हर टेबलावर आडवा, आणि पलीकडच्याला त्या घरातली कुकरची शिट्टी, रेडिओ, भांडण असं सगळं ऐकू येत राहायचं. लांबचा फोन असला तर "दहा मिनिटांनी परत करा, बोलावून ठेवतो." म्हणजे मिरजेतल्या कुणाच्या तरी फोनवर बाई यायच्या. कुणाच्या, ते कळलं तर गल्ली कळणार होती. पण डिरेक्टरी नावावरून नंबर देते, नंबरावरून नाव देत नाही. चौकशीचा एकशे सत्त्याण्णव फिरवला तरी पलीकडची बाई आधी नावच विचारायची. तेव्हा उपाय एकच होता, मिरजेची सगळी पानं ओळीनं वाचायची. दिवसांच्या घरात तसंही हाताला काम नसतं. भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरलेली असते आणि आपण तिच्या कडेला बसून असतो. मी पट्टी घेतली आणि मिरजेच्या आधी सांगलीच वाचत सुटले.

वर्ष कुठं छापलेलं सापडेना. पण डिरेक्टरी आपलं वय लपवू शकत नाही. पुण्याचा कोड ०२१२ दिलेला, तो पुढे ०२० झाला. आमचा नंबर पाच आकडी, सात-तीननं सुरू होणारा. नंतर त्याच्यापुढे एक तीन आला, मग २००२-०३ च्या सुमाराला देशभर लँडलाइनला दोन चिकटले तसा आम्हालाही दोन चिकटला, आणि मधले आकडे तेच राहून नंबर नुसता समोरून लांबत गेला. पानांच्या तळाशी जाहिराती होत्या त्यात व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळतील, झेरॉक्स, इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर. मोबाइलचा मागमूस नाही. तो १९९५ च्या जुलैत कोलकात्याहून दिल्लीला पहिल्यांदा वाजला आणि सांगलीत यायला पुढे आणखी वेळ लागला. म्हणजे नव्वदची सुरुवात.

आमच्याकडे फोनचा अर्ज भरला तेव्हा मी बालवाडीत होते आणि फोन आला तेव्हा सहावीत. मधल्या काळात आजोबा दर काही महिन्यांनी टेलिफोन ऑफिसात जाऊन आपला नंबर यादीत किती वर सरकला ते बघून यायचे, आणि जेवताना सांगायचे. फोन बसला त्या दिवशी लाइनमनला चहा, पेढा आणि वर पाकीट. आईनं क्रोशाचं झाकण विणलं, आजोबांनी डायलला छोटं कुलूप लावलं. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर पावपट व्हायचे म्हणून मुंबईच्या काकांशी बोलायला सगळे डोळे ताणून जागायचे. त्यापुढच्या डिरेक्टरीत आपलं नाव येणार याची वाट आजोबांनी फोनपेक्षा जास्त बघितली असेल असं मला वाटतं. नाव आलं तेव्हा आद्याक्षर चुकलेलं होतं. त्यांनी पेनानं दुरुस्त केलं. स्वतःच्या प्रतीत!

सांगलीची पानं वाचताना पेठा पायाखालून जातात. गणपती पेठ, वखारभाग, मार्केट यार्ड हा पट्टा नंबरांनी खच्चून भरलेला. हळद, गूळ, बेदाणा. एका पेढीच्या नावापुढे दुकान, गोडाऊन, घर असे तीन-तीन आकडे, आणि खाली त्याच आडनावाचा दुसरा भाऊ, तोच पत्ता. हळद हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली असायची. तिचा भाव मात्र या तारांतून फिरायचा. गावभागात वकील, वैद्य, निवृत्त मामलेदार. खणभागात दुकानं. विश्रामबाग तेव्हा गावाबाहेर समजत, त्यामुळे तिथले पत्ते लांबलचक, "कॉलेजच्या मागे", "रेल्वे गेटजवळ". आज सांगली ज्याला म्हणतात त्यातला अर्धा भाग त्या पानांत सापडत नाही. शामरावनगरचे नंबर मी शोधले. हातावर मोजण्याइतके. पुढे जे तिथं घरं बांधून दर पावसाळ्याला चिखल तुडवत राहिले ते तेव्हा कुठल्या तरी वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं असणार.

पाटील मात्र पानामागून पान संपत नाहीत. इंग्रजी छपाई, नावाची आद्याक्षरं पुढे, म्हणजे ए. बी. पाटील आठ-दहा, एस. आर. पाटील त्याहून जास्त. त्यात चुकीचा पाटील लागला तरी माणूस फोन ठेवायचा नाही. "तुम्हाला कुठले पाटील पाहिजेत, कवठ्याचे का कुंडलचे?" असं विचारून योग्य पाटलाकडे वाट दाखवायचा. कुलकर्णी, जोशी, चौगुले, मगदूम, शहा, मुल्ला, बागवान, शेटे. जातीची यादी कुणी मागितली नसती तरी ती इथं आपोआप तयार होती, कुठल्या आडनावाकडे किती फोन आणि कुठल्या भागात. कुठल्या आडनावाकडे एकही नाही, तेही. आमच्याकडे भांडी घासायला ज्या बाई यायच्या त्यांच्या वस्तीचं नाव मी पत्त्यांच्या रकान्यात शोधत गेले. एका ओळीतही नव्हतं. गाव एवढंच आहे असं मी लहानपणी समजत होते ते कदाचित या पुस्तकाच्याच हिशेबानं.

एक गोष्ट वाचता वाचता ध्यानात आली. यातली कितीतरी माणसं छापताना हयात नव्हती. फोन वडिलांच्या नावावर असायचा, वडील जायचे, आणि नाव बदलायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, भावांची संमती, स्टँपपेपर. भावांमध्ये बोलणं नसलं तर ते कागद कधीच जमायचे नाहीत. त्यापेक्षा बिल भरत राहिलेलं सोपं. आत्याच्या घरचा फोनही तसाच. तिचे यजमान गेले त्यानंतरही बिल त्यांच्याच नावानं यायचं, आणि ती दर वेळी पाकिटावरचं नाव वाचून मगच फाडायची. गावात कुणालाही विचारा, तो "आत्यांचा नंबर" होता. कागदावर तो तिचा कधीच नव्हता.

बायका जवळजवळ नाहीतच. आहेत त्या डॉक्टर, एखादी मुख्याध्यापिका, आणि "श्रीमती" लावलेल्या, ज्यांच्यासाठी ते कागद कुणीतरी जमवून आणले. बाकीच्या सगळ्या कुणाच्या तरी आद्याक्षरांमागे. म्हणून तर आम्हाला नाव आठवत असतं तरी उपयोग झाला नसता. बाईंचं नाव घेऊन डिरेक्टरी उघडून भागलं नसतं, त्यांच्या यजमानांचं नाव माहीत हवं होतं, आणि त्यांच्याकडे तर फोनच नव्हता. आत्याला हे ठाऊक असणार. तिनं छापील पानांच्या वाटेला न जाता पुठ्ठ्यावर आपली वेगळी यादी केली. दुपारी लागणारा गॅस, मंगळवारी बंद असणारी शिंपीण, सांगून ठेवावं लागणाऱ्या काकू. घर ज्या माणसांवर चालायचं त्यांच्यातलं कुणीही आत छापलेलं नव्हतं. हे असे पुठ्ठे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या पाठी घरोघर असणार. डिरेक्टऱ्या रद्दीत गेल्या तेव्हा तेही गेले.

मिरजेच्या आधी तालुक्यांची पानं लागतात, तिथं मी उगाचच रेंगाळले. १९८४ ला सी-डॉट ही टेलिफोन तंत्राची सरकारी संशोधन संस्था निघाली, आणि तिनं बनवलेली छोटी एक्स्चेंज उकाड्यात, धुळीत, एसीशिवाय चालायची, म्हणून ती ग्रामपंचायतीच्या एका खोलीतही बसली. त्याचा परिणाम या पानांवर असा दिसतो की काही गावांत नंबर नुसते दोन-तीन आकडी आणि पूर्ण गाव पाच-सात ओळींत आटोपतं. ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संस्था, डॉक्टर, एखादा बागायतदार. विटा-खानापूरकडची गावं वेगळी. पाऊस नाही, शेती अशी तशी, आणि तरी घरगुती फोन. कारण त्या भागातले पुरुष सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले. घरात म्हातारी, सून, पोरं. फोन इथं भाव विचारायला नव्हता, पैसे पोचले का आणि आईला बरं आहे का एवढं विचारायला होता. तोही छापलेला त्याच्याच नावानं, जो तिथं राहत नव्हता.

आणि मग मिरज. मिरजेची पानं उघडली की "डॉ." हा शब्द खडीसारखा पसरलेला दिसतो. १८९४ ला डॉ. वॉनलेस यांनी मिशनचा दवाखाना काढला, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून पेशंट रेल्वेनं येऊन स्टेशनजवळच्या लॉजवर उतरायला लागले. डॉक्टर, नर्सिंग होम, पॅथॉलॉजी, मेडिकल, लॉज, परत डॉक्टर. मधेच एस अक्षराखाली सतारमेकर. एकाखाली एक, पत्ता जवळजवळ सारखा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून हा धंदा निघाला, आणि भोपळे, तारा, लाकूड यांच्यामध्ये एक काळा फोन, ज्यावर कोलकात्याचा नाहीतर परदेशातला कुणी वादक तंबोरा कधी तयार होतो ते विचारत असणार. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या पानावर ते आधीच होतं, फक्त शिक्का नव्हता.

बाईंचा नंबर एका मेडिकल दुकानाचा निघाला. रात्री आठनंतर का, तेही कळलं. गिऱ्हाईक कमी झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी आणि आतेभाऊ मिरजेला गेलो. ब्राह्मणपुरीत वाहनांची गर्दी, वाड्यांच्या जागी पार्किंगवर उभ्या केलेल्या इमारती, आणि तरी दुकान होतं. पाटी नवी, फ्लेक्सची. काउंटरला पन्नाशीचे गृहस्थ. पुठ्ठ्याचा फोटो दाखवला तर ते आधी हसले. "आमचाच नंबर. वडील असताना. अजून चालू आहे, पुढे आकडे लागलेत." मग म्हणाले, "बाईंना बोलवायला मीच जायचो. त्या खाली येईपर्यंत वडील शटर अर्धं ओढून थांबायचे. बोलणं कसलं हो, परीक्षेचे पेपर आणि लोणच्याचं मीठ. पण हसायच्या फार." बाई बरीच वर्षं झाली, मुलीकडे बंगळूरला असतात. मुलीचा नंबर त्यांच्याकडे होता, कारण बाईंची औषधं ते अजून कुरिअरनं पाठवतात. तिथं मिळत नाहीत का, असं मी विचारलं. "मिळतात की. पण त्यांना इथली लागतात."

त्यांनी फोनमध्ये शोधलं तेव्हा मी वाकून बघितलं. मुलीचं नाव तिथंही नव्हतं. "बाई मुलगी" असं सेव्ह केलेलं. लागलीच माझा नंबर घेतला आणि मला विचारून न विचारून टाइप केलं, "बाई मैत्रीण भाची".

आत्याचा पुठ्ठा आणि या गृहस्थांचा फोन, दोन्ही एकाच पद्धतीचे. माणूस कशासाठी लागतो आणि कुणाचं कोण, यावर लावलेले. माझ्याही फोनमध्ये "प्लंबर कोथरूड", "प्लंबर दुसरा", "आरती आई शाळा" अशीच माणसं आहेत. फरक असा की छापील डिरेक्टरीत माणूस स्वतःला काय म्हणवतो ते असायचं, पदवीसकट, गल्लीसकट, आणि ते शत्रूलाही वाचता यायचं. आज अनोळखी फोन आला की ट्रूकॉलरसारख्या ॲपमधून स्क्रीनवर जे नाव उमटतं ते दुसऱ्या कुणी तरी त्याला आपल्या फोनमध्ये काय म्हणून ठेवलंय ते. एकदा "उधारी नको देऊ" असं नाव उमटलेलं मी बघितलंय. भल्या माणसाचा आवाज होता.

लोक जुन्या डिरेक्टरीबद्दल हळवं बोलतात तेव्हा मला अर्धंच पटतं. कुणालाही कुणाचंही घर सापडायचं हे खरं, आणि त्यात एक भाबडा विश्वास होता हेही खरं. आज कुणी माझं नाव, पत्ता आणि नंबर छापून गावभर वाटला तर मी पोलिसांत जाईन. पण ते सापडणं ज्यांच्या दारापर्यंत तार गेली होती त्यांच्यापुरतं होतं. भांडी घासणाऱ्या बाईंच्या नातवाकडे आज दोन सिमचा फोन आहे आणि तो मला थेट फोन करतो, आजीसाठी शेजाऱ्याच्या दारात उभा राहत नाही. हे डिरेक्टरीच्या काळापेक्षा शंभर पटींनी बरं आहे. तरी मला कुणी विचारलं की सांगलीत आज कोण कुठं राहतं हे कुठं बघायचं, तर उत्तर नाही. ज्याला तुम्ही आधीपासून ओळखता तोच सापडतो.

मुलीला त्याच रात्री फोन केला. बाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे तिनंच सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. पलीकडे काय झालं ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई विचारतीय, शेवटी काय खाल्लं होतं त्यांनी." आम्ही वहिनीला विचारून सांगितलं. मऊ भात.

एकदाच मला गाव पुन्हा यादीत दिसलं होतं, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, रस्ते तुटले, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि मी पुण्यात बसून फोनकडे बघत होते. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर नंबरांच्या याद्या फिरत होत्या. भागानुसार लावलेल्या, गावभाग, खणभाग, शामरावनगर, कुणीतरी सतत भर घालत होतं, कुणीतरी "हा लागत नाही" म्हणून खोडत होतं. डायलिसिस. दूध पावडर. गुरांना चारा. "चपात्या शंभर होतील, काकू, विश्रामबाग, पाचनंतर". अनोळखी बाईनं आपला नंबर हजारो लोकांत सोडून दिला होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाणी उतरलं तसे ग्रुप बंद पडले, काही राजकारणावरून फुटले.

माझ्याकडे त्यातली एक यादी अजून आहे. तिच्यात पाटील नाहीत, डॉक्टर नाहीत, निम्म्या आकड्यांपुढे नावच नाही. नुसतं "बोट", "बोट", "टेंपो", "बोट मोठी". आतेभाऊ म्हणतो, डिलीट कर, आता काय उपयोग. एवढा जुलै-ऑगस्ट जाऊ दे, मग बघू म्हटलं.